अंगणातलं लॉन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्याच्या घरापुढे सहाशे चौरस फुटांचं लॉन आहे. इतक्या वर्षांत ते दोनदा पार मेलं आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. आता बरं दिसतं, म्हणून येणारे-जाणारे फाटकापाशी थांबून विचारतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं पुणे-सातारा-नाशिक पट्ट्यातल्या हवेची आहेत: चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे. कोकणात किंवा विदर्भात वेगळं काही करायचं असेल तिथे तसं म्हटलंय.

नर्सरीत दहा नावं सांगतात. नक्की कुठलं गवत घेऊ?

नावावर जाऊ नका. एकच गवत उरुळी कांचनला एका नावाने मिळतं आणि कोथरूडला दुसऱ्या. आधी आपल्या अंगणात ऊन किती तास पडतं ते मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला उन्हाची कड खडूने किंवा चुन्याने आखा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा दोन-तीन तास कमीच भरतात. शेजारची इमारत हिशेबात कुणी धरत नाही.

सहा तासांच्या वर कडक ऊन असेल तर हरळी. शेतकरी जिला शिव्या घालत खणून काढतो, तीच ही. तिच्या कांड्या जमिनीखालून पळतात, त्यामुळे उन्हाळ्यात वरून वाळली तरी पहिल्या पावसाला फुटते. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून देतात ती बारीक पानाची हरळीच. चार-पाच तास ऊन असेल तर झॉयसिया, म्हणजे ज्याला कोणी कोरियन म्हणतं, कोणी मेक्सिकन. हे दाट, गादीसारखं वाढतं आणि कापायलाही कमी लागतं. पण त्याची चाल गोगलगायीची. एका लग्नात मंडपाच्या खांबाने पडलेला टिकलीएवढा खड्डा भरायला माझ्याकडे जवळजवळ वर्ष गेलं. त्याहून कमी ऊन असेल तर रुंद पानाचं बफेलो गवत चालतं. दिसायला ते जाडंभरडं, पण सावलीत टिकतं. पाणी मात्र भरपूर मागतं, म्हणून ते कोकणात शोभतं, पठारावर परवडत नाही.

अमेरिकेतून भाचा तिकडच्या लॉनचं बी आणतोय. लावू का?

नको. फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंड हवेची गवतं. त्यांना पंधरा ते चोवीस अंशांत बरं वाटतं. डिसेंबरात ती उगवतील, तुम्ही फोटो पाठवाल, आणि एप्रिलात सगळं भुईसपाट होईल. शिवाय परवान्याशिवाय परदेशातून बी आणणं कायद्यात बसत नाही. भाच्याला चॉकलेटं आणायला सांगा.

लावायचं कधी?

मृगाचा पाऊस पडून जमीन वीतभर ओली झाली की. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही. आषाढात धो धो लागलेल्या दिवसांत तेवढं थांबा, नाहीतर माती वाहून गटारात जाते. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी लावलेलंही जगतं. डिसेंबर-जानेवारीत लावू नका. रात्रीचा पारा दहा-बाराच्या घरात गेला की ही उन्हाळी गवतं मूळ धरत नाहीत. तुम्ही पाणी घालत राहता आणि ते ढिम्म बसून राहतं.

मातीचं काय? बिल्डरने भर टाकून दिलीय.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो कुणी आधी विचारत नाही. माझं पहिलं लॉन इथेच गेलं. वरून लाल माती छान दिसत होती. खाली सहा इंचांवर विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फरशीच्या कपच्या आणि एक अख्खी चप्पल निघाली. पण ती निघाली लॉन मेल्यावर, खणलं तेव्हा.

म्हणून आधी तीन-चार ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या. राडारोडा निघाला तर तो उचलल्याशिवाय गवताचं नाव काढू नका. मग खड्डे पाण्याने भरा. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही तसंच असेल तर निचरा नाही. काळ्या मातीत असं होतं. पावसात चिखल, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा. तिच्यात जाड वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळून वरचा थर मोकळा करावा लागतो. मूठभर वाळूने काही होत नाही, उलट जमीन विटेसारखी घट्ट होते. मिसळायची तर थराच्या निम्म्याने मिसळा, नाहीतर वाळूच्या भानगडीत न पडता नुसतं शेणखत वाढवा. कोकणात जांभ्यावर उलटं दुखणं: पाणी थांबतच नाही. तिथे पोयटा आणि शेणखताचा जाड थर लागतो.

माती ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सहाशे चौरस फुटांवर चार इंचांचा थर म्हणजे दोनशे घनफूट, बरोबर दोन ब्रास. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर दहा फुटांना दीड-दोन इंच. डोळ्याने उतार कळत नाही. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी घ्या.

आणि एक ठेच, माझ्या अंगठ्याला लागलेली: विकतच्या लाल मातीतून लव्हाळ्याचं तण येतं. मला ‘एकदम साफ, गाळलेली’ म्हणून दिलेल्या मातीत त्याचे गड्डे ठासून भरले होते. तेव्हापासून माती पसरली की तिला नुसतं पाणी देत तीन आठवडे तशीच ठेवतो. जे उगवतं ते गड्ड्यासकट उपटतो, आणि मगच लॉन. बायको म्हणते, चिखलाला पाणी घालणारा माणूस म्हणून गल्लीत माझी ओळख झालीय.

तयार गादी आणू की ठोंब लावू?

गादी, म्हणजे मातीसकट गुंडाळून मिळणारं तयार गवत, एका दिवसात हिरवी होते, ठोंबांना पावसाळ्यात दोन-अडीच महिने लागतात. गादी महाग पडते. घरी वास्तुशांत पंधरा दिवसांवर आली असेल तर गादी, नाहीतर ठोंब. हरळीच्या मुळं असलेल्या कांड्या चार-चार इंचांवर दाबायच्या, वरून थोडी माती आणि पाणी. दोन माणसं लागली तर आमच्याएवढी जागा दिवसात होते.

गादी घेताना एक कोपरा उलटा करून बघा. मुळं पांढरी आणि माती ओलसर पाहिजे. ट्रकमध्ये दोन दिवस गुंडाळून राहिलेली गादी आतून तापून पिवळी पडते आणि तिला आंबूस वास येतो. ती परत पाठवा, कितीही सूट दिली तरी.

पाणी किती आणि कधी?

पसाभर उत्तर हवं असेल तर: कमी वेळा, पण खोलवर, पहाटे.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलच्या उन्हात हिरवं राहायला लॉनला रोजी साधारण पाच मिलिमीटर लागतं. माझं लॉन छप्पन्न चौरस मीटर, म्हणजे रोज दोनशे ऐंशी लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. उन्हाळ्यात हिरवंगार लॉन राखणं म्हणजे घरात दोन माणसं जास्तीची ठेवण्यासारखं आहे. हा आकडा कळल्यावर आम्ही लॉन वाढवायचा बेत सोडला आणि कडेच्या पट्ट्यात कोरफड आणि कण्हेर लावली.

रोज पाच मिनिटं पाइप फिरवणं ही सगळ्यात वाईट सवय. पाणी वरच्या इंचात राहतं आणि मुळंही तिथेच राहतात. मग दोन दिवस गावाला गेलात की लॉन कोमेजलं. थंडीत आठ-दहा दिवसांनी एकदा, ऑक्टोबर हीटमध्ये चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, पण असं की लांब स्क्रूड्रायव्हर सहा इंच सहज आत जावा. जात नसेल तर पाणी पोचलं नाही. स्प्रिंकलर असेल तर श्रीखंडाचे रिकामे डबे चार कोपऱ्यांत ठेवून बघा. एकात बोटभर आणि एकात थेंबभर जमतं, आणि तिथेच तुमचा पिवळा कोपरा असतो.

गवत तहानलं हे कसं ओळखायचं? चालून गेल्यावर पावलांचे ठसे लगेच उठून बसले नाहीत आणि रंग निळसर-राखाडी वाटला की पाणी द्या. तोवर थांबलात तरी बिघडत नाही.

पाणीकपात आहे. मे महिन्यात लॉन मरेल का?

हरळी मरणार नाही, पिवळी होईल. होऊ द्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा भिजवलं तरी जमिनीखालच्या कांड्या जिवंत राहतात. त्या काळात खत घालायचं नाही, खोल कापायचं नाही आणि वर खुर्च्या टाकून मैफिली भरवायच्या नाहीत. झॉयसियाही बऱ्यापैकी तग धरतं, बफेलो मात्र रडतं. नागपूर-अकोल्याकडे जिथे पारा पंचेचाळीसला जातो तिथे तर ही सुटीच समजा.

भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. वॉशिंग मशीनचं नको. साबणातला सोडियम काळ्या मातीला चिकट करतो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार असतात, ते निम्म्याहून जास्त साधं पाणी मिसळल्याशिवाय घालू नका. बोअरचं पाणी क्षारट असेल तर मातीवर पांढरी साय धरते. ती दिसली की पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघा, तोच ती धुऊन नेतो.

किती आखूड कापायचं?

एका वेळी पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. हरळी एक-दीड इंचावर, उन्हाळ्यात दोन इंचांवर. उंच पान आपलीच सावली मातीवर धरतं. श्रावणात आठवड्याला कापावं लागतं, थंडीत महिन्याला एकदा पुरतं. सहलीहून आलात आणि गवत गुडघ्याला लागतंय, तर एकदम भुंडं करू नका. चार-चार दिवसांनी तीन हप्त्यांत खाली आणा.

पातं बोथट असेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शेंड्यांना पांढरट झालर दिसते. ती रोगाची नाही, यंत्राची. कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्या, खतच आहे ते. ओल्या गवताचे गोळे मात्र दाताळ्याने ओढून काढा, नाहीतर खालचं गवत सडतं. विजेचं यंत्र पावसात ओल्या गवतावर चालवू नका. वायर यंत्राच्याच पात्याखाली येते, हे मी पाहिलंय.

खत कुठलं?

पावसाच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत पातळसर पसरा, पानं दिसत राहतील इतकंच. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हाताला वास येता कामा नये. युरिया लावायचाच तर चौरस मीटरला पाच ग्रॅम, म्हणजे माझ्या सहाशे फुटांना पाव किलो आणि वर थोडा. तो भांड्यात मातीत मिसळून फेकावा आणि लगेच पाणी द्यावं. मूठ भरून फेकलेल्या युरियाने लॉनवर जळलेले पट्टे उठतात. आमच्या एका पाहुण्यांनी उत्साहात ते करून दाखवलं, पुढचे दोन महिने लॉन झेब्र्यासारखं दिसत होतं.

खत घालूनही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहत असतील तर ते लोहाचं दुखणं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दहा लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम विरघळवून फवारा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

लव्हाळ्याचं काय करू? उपटतो तेवढा येतो.

कारण तुम्ही पान उपटता आणि गड्डा खाली राहतो. जमिनीखाली गड्ड्यांची माळ असते. वरचा तुटला की खालचे जागे होतात. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना अरुंद खुरप्याने बाजूने खणून, दोऱ्यासारखं मूळ न तोडता गड्डा उचलायचा. दर आठवड्याला, न चुकता, एक अख्खा पावसाळा. पानं पुन्हा पुन्हा जाऊ लागली की गड्ड्यातला साठा संपत जातो. मला दोन वर्षं लागली.

ऊसवाले त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात. घरच्या लॉनवर वापरायचं मनात असेल तर आधी कृषी सेवा केंद्रात पिशवीवरची सूचना वाचून घ्या. मी फवारत नाही, नात त्या गवतावर लोळते. ग्लायफोसेट तर अजिबात नको, ते लव्हाळ्याबरोबर लॉनही नेतं.

बाकीचं तण?

केना, घोळ, दुधी, आंबुटी ही हाताने जातात, फुलण्याआधी काढली तर. घोळ तर भाजीला घ्या. गाजर गवत दिसलं की हातमोजे घालून मुळासकट काढा, काहींच्या अंगावर त्याने पुरळ उठतं. लॉन दाट असेल तर तण कमी, एवढं एकच औषध कायमचं.

ऑगस्टात मधेच गोल गोल वाळलेले तुकडे पडले. पाणी तर भरपूर आहे.

हातात धरून हळूच ओढा. गोधडीसारखं उचललं गेलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. माझं दुसरं लॉन तिनेच नेलं. मी वर बुरशीनाशक मारत बसलो आणि साळुंक्या मात्र रोज सकाळी तिथेच चोची मारत होत्या. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. शेवटी कोपरा उचलला तर खाली एकही मूळ नाही, नुसता भुगा आणि त्यात करंगळीएवढ्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. एका फुटात अकरा मोजल्या आणि मोजणं सोडलं.

हिची सुरुवात पहिल्या वळवाला होते. संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात, रात्री पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. म्हणून खरा इलाज मे-जूनमध्ये: अंधार पडल्यावर फांदी हलवायची, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत. पाऊस सुरू झाल्यावर मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीवर टाकली तर लहान अळ्या मरतात. अळी मोठी झाल्यावर उपयोग कमी. फुटाला एक-दोन अळ्या निघाल्या तर साळुंक्यांवर सोपवा. पाच-सहाच्या वर असतील तर हालचाल करा.

पावसात शेवाळ आणि कुत्र्याच्या छत्र्या येतात.

छत्र्या लॉनचं काही बिघडवत नाहीत. खाली जुनं लाकूड किंवा मूळ कुजत असतं. पायाने पाडा, खाऊ नका. शेवाळ म्हणजे निचरा नाही आणि ऊन नाही. जाड सळईने चार-चार इंचांवर भोकं पाडून वाळू भरा, वरच्या फांद्या छाटा. कोकणात सलग पावसाचे आठवडे असतात, तिथे थोडं शेवाळ गृहीतच धरा.

जानेवारीत पिवळं पडलं. खत देऊ?

नको. झोपलंय ते. फेब्रुवारीच्या उन्हाने उठेल.

गणपतीला याच्याच दूर्वा काढल्या तर?

दूर्वा म्हणजे हरळीच, पण कापलेल्या लॉनमध्ये तीन पानांचा सरळ तुरा मिळत नाही. आम्ही जुलैपासून कुंपणाजवळचा दोन फुटांचा पट्टा कापायचा सोडून देतो. भाद्रपदापर्यंत छान कोवळ्या दूर्वा होतात, शेजारच्या आजीही घेऊन जातात. त्या पट्ट्यावर वर्षभर काही फवारायचं नाही, हा घरातला नियम.

कुत्र्याच्या लघवीने डाग पडतात.

नत्र जास्त झाल्याने जळतं. लगेच दोन तांबे पाणी ओता. मधे जळकं आणि कडेने गर्द हिरवं दिसलं तर तुमच्या लॉनला खत कमी पडतंय, हेही त्यातून कळतं.

आंब्याखाली काहीच येत नाही.

येणारही नाही. तिथे दगड, बाक आणि दोन कुंड्या ठेवा. वेडेलिया ही पसरणारी वेल लावू नका, एकदा पसरली की आंबाही तिचाच.

गच्चीवर लॉन करता येईल?

येईल, पण आधी अभियंत्याला विचारा. सहा इंच ओली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. लोकांचा वावर असलेल्या गच्चीवर धरायचा भार भारतीय मानकात साधारण दीडशे किलो आहे. जुन्या इमारतीत तर विचारूसुद्धा नका. गळती सुरू झाली की खालचे लोक लॉन बघायला येत नाहीत, भांडायला येतात.

मग प्लास्टिकचं टाकून मोकळं होऊ?

सावलीतल्या गॅलरीत टाका, हरकत नाही. उघड्या अंगणात एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा. आमच्या समोरच्यांनी टाकलंय. त्यांचं मांजर दुपारी आमच्या पिवळ्या हरळीवर येऊन झोपतं.